भांड्यावरचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझी सारी नोकरी मुक्या वस्तूंच्या सहवासात गेली. एका वस्तुसंग्रहालयात मी मानवशास्त्र विभागाची अभिरक्षक होते. आमच्या शेजारच्या काकू त्याचा अर्थ 'जुनी भांडी सांभाळणारी' असा सांगत, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

तलवारी, नाणी, राजांची चित्रे यांचे विभाग वेगळे. माझ्याकडे साध्या माणसांच्या वस्तू असत : पाळणे, टोपल्या, गोधड्या, मासे धरण्याचे सापळे, वारल्यांचा तारपा, देवघरातले देव. माणसे कशी राहतात, काय खातात, कशाला भितात आणि कोणापुढे हात जोडतात, हे या वस्तूंवरून समजून घ्यायचे, हे आमचे काम.

हे काम पुष्कळसे घरकामासारखेच आहे. वस्तू आली की आधी ती बाजूला ठेवायची, कारण टोपलीबरोबर भुंगेरे येतात आणि लोकरीबरोबर कसर. पूर्वी डांबराच्या गोळ्या घालीत. काही संग्रहालयांत तर सोमलही लावीत. आता वस्तू पिशवीत बंद करून शून्याखाली वीस अंशांवर आठवडा-दोन आठवडे गोठवतात. कीड मरते आणि मागे विष राहत नाही. उजेडही बेताचाच ठेवावा लागतो. पैठणीचा रंग उन्हात उडतो, हे तुम्हाला मी काय सांगावे?

मग वस्तूवर क्रमांक घालायचा. आपण नव्या भांड्यावर नाव घालून आणतो ना, तसेच हे. फक्त आम्हाला कोरण्याची मुभा नाही. पुसता येईल अशा रोगणाचा पातळ थर, त्यावर बारीक क्रमांक, वर पुन्हा एक थर. कापड असेल तर सुती फितीवर क्रमांक लिहून ती सैल टाके घालून शिवायची. तोच क्रमांक नोंदवहीत. माझे अक्षर बरे, म्हणून नोकरीच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे १९८४ साली, नोंदवही माझ्याकडे आली. मला त्याचा मोठा अभिमान होता. तो कसा उतरला, तेच आज सांगायचे आहे.

२००९ सालची गोष्ट. खेड्यातल्या एका शाळेची सहल आली होती. मुलांबरोबर नातवाचा हात धरून एक आजीही आल्या होत्या. देवांच्या टाकांच्या कपाटापुढे त्या थांबल्या. चांदीच्या पत्र्यावर उठवलेला, घोड्यावर बसलेला खंडोबा होता तो. आजींनी पायांतल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या, पदर सावरला आणि काचेला कपाळ टेकले. मग मला विचारले, "बाई, ह्यास्नी हितं निवद कोन दावतं?"

मला उत्तर सुचले नाही. मी म्हणाले, "आजी, इथे फक्त जपून ठेवतात."

"जपताय ते बरंच हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाईनं बहात्तरच्या दुष्काळात देव सोनाराला घातले. चार दिवस जेवली नाही. आमचा बी असाच घोड्यावर हुता."

घोड्यावरचा खंडोबा घरोघर असतो. हा त्यांचाच, असे कोण म्हणेल? पण नव्हे, असेही म्हणता येईना. मी धावत जाऊन नोंदवही काढली. नोंद होती : 'टाक, चांदी, खंडोबा. झिजलेला. बाजारातून खरेदी.' पुढे किंमत. गाव नाही, घर नाही. अक्षर माझेच होते.

विकणारा माझ्यासमोर बसला होता. "कुठून आणलात?" एवढे मी विचारले असते तर कदाचित त्याने सांगितले असते. मी चांदीचे वजन विचारले. 'झिजलेला' हा शब्द दोष म्हणून लिहिला. ते नाक-डोळे कोणा बायकांच्या हातांनी, वर्षानुवर्षांच्या स्नानाने आणि भंडाऱ्याने झिजले होते, हे डोक्यातच आले नाही.

भगिनींनो, ही चूक माझ्या एकटीची नव्हे. अमेरिकेत न्यू मेक्सिको प्रांतात झुनी नावाचे लोक राहतात. त्यांच्यात युद्धदेवतांच्या जोडीच्या लाकडी मूर्ती करून उघड्यावरच्या ठाण्यात ठेवतात. ऊन-पावसात त्या झिजून मातीस मिळाव्यात, हाच त्यांचा धर्म. आपण गणपती पाण्यात सोडतो, तो कोणी काढून कपाटात ठेवला तर कसे वाटेल? या मूर्ती तशाच उचलून संग्रहालयांत नेल्या गेल्या होत्या. १९७८ साली झुनींचे धर्मप्रमुख डेन्व्हरच्या कलासंग्रहालयाकडे गेले. या मूर्ती साऱ्या समाजाच्या आहेत, एकट्यादुकट्याला त्या विकण्याचा हक्कच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९८० साली मूर्ती परत मिळाल्या. पुढे इतर ठिकाणांहूनही साठाहून अधिक आल्या, आणि आता त्या ठाण्यात झिजत आहेत. १९९० साली अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या अशा वस्तू आणि अस्थी परत करण्याचा कायदाही झाला.

अस्थींवरून आपल्या इरावतीबाई कर्व्यांची आठवण होते. 'युगान्त' तुम्ही वाचले असेल. त्याच्या कितीतरी आधी, विशीतच, त्या बर्लिनला जाऊन कवट्यांची मोजमापे करीत होत्या. वंशावंशांत उच्चनीच मानणाऱ्यांचा तिथे जोर होता, आणि त्यांचे गुरू त्यांतलेच. पण कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशावर ठरत नाही, असे मोजमापांत दिसले आणि बाईंनी प्रबंधात तसेच लिहिले. मला त्यांचा फार अभिमान आहे. तरीही मनात येते, अशा संग्रहांतल्या पुष्कळ कवट्या वसाहतींतून आणलेल्या. त्यांवर क्रमांक असत, माणसाचे नाव क्वचितच. २०११ साली बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने वीस कवट्या नामिबियाला परत दिल्या, तेव्हा त्या घ्यायला तिथून माणसे आली होती. इतक्या वर्षांनीही कोणीतरी वाट पाहत असते.

आमच्या टाकाचे काय झाले? तो परत करता आला नाही, कारण कोणाला करायचा हेच मी लिहून ठेवले नव्हते. पण त्या दिवशी आजींना खुर्ची दिली, चहा दिला आणि वही उघडून बसले. टाक कशाने उजळायचा, स्नान कोणी घालायचे, झिजला तर काय करायचे, हे सारे त्यांनी सांगितले. ते मी त्यांच्या नावानिशी नोंदवहीत लिहिले. इथे नाव सांगत नाही, कारण तशी परवानगी घेतलेली नाही. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत 'कोणाचे, कुठले आणि का दिले' हे विचारल्याशिवाय मी एकही वस्तू घेतली नाही. या तीन प्रश्नांपायी काही चांगल्या वस्तू हातच्या गेल्या. जाऊ द्यात.

आता तुमच्याकडे एक मागणे आहे. आपल्या भांड्यांवर नाव असते, तिथी असते, कोणी कोणाला दिले तेही असते. आपल्या आया-सासवांनी आमच्यापेक्षा चांगली नोंद ठेवली म्हणायची. पण गोधडीवर नाव नसते. विळीवर, पाट्यावर, पाळण्यावर नसते. घर बदलताना या वस्तू मोडीत जातात. जाऊ नयेत असे मी म्हणत नाही. सगळेच कुठे ठेवणार? पण देण्याआधी एका कागदावर लिहा : ही कोणाची, कोणी केली, घरात कशी आली, काय कामाला येई. गोधडीत कोणाची लुगडी आहेत, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.

पुढच्या वर्धापनदिनापर्यंत प्रत्येकीने एका वस्तूचे एक पान लिहावे आणि ती वही मंडळाच्या कपाटात राहावी, अशी माझी सूचना आहे. वही मी आणून देते. अक्षर कसेही असू द्या, नाव तेवढे लिहा.