जोडीने जेवावे



या व्यासपीठावर वेदान्तापासून अवकाशयानापर्यंत नाना विषय होऊन गेले आहेत. तेथे आज कामगार-चळवळीतला एक साधा कार्यकर्ता उभा राहतो आणि हॉटेलातल्या जेवणाविषयी बोलू लागतो, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आम्ही विषय कळविला तेव्हा चिटणीसांनी पुन्हा फोन करून खात्री करून घेतली. "महागाईभत्ता, कंत्राटी कामगार, यांपैकी काही नको का?" असे त्यांनी मोठ्या अदबीने विचारले. आम्ही म्हटले, "साहेब, हे सगळे प्रश्न शेवटी ज्या ताटापाशी येऊन थांबतात, त्या ताटापासूनच सुरुवात करू या."

आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि सार्वजनिक वाचनालयाने केले. गेली तीस वर्षे आम्ही मुंबईच्या हॉटेल-कामगारांत काम करीत आहो. त्यामुळे हॉटेलाची दोन्ही दारे आमच्या परिचयाची आहेत. पुढच्या दाराने आम्ही सपत्नीक जेवायला जातो; मागच्या दाराने, भटारखान्याच्या बाजूने, कामगारांची गाऱ्हाणी ऐकायला जातो. आज आपल्याला या दोन्ही दारांनी आत न्यावे असा विचार आहे.

प्रथम आपल्या घरातले जेवण कसे होते ते आठवून पाहा. पुरुष आणि मुले बसतात. गृहिणी तव्यापाशी उभी असते. पोळी तव्यावरून उतरते ती थेट दुसऱ्याच्या ताटात पडते. सगळ्यांचे उरकले की ती आपले ताट घेते. तोवर भात निवालेला, आमटीचा रस्सा वरच्यावर संपलेला आणि भाजीचा तळ राहिलेला. हल्ली पुष्कळ घरांत बाई नोकरी करते, स्वयंपाकघरात टेबल-खुर्च्या आल्या. पण शेवटची पोळी आणि बाईचे ताट यांचे जुने नाते अजून तुटलेले नाही. आम्ही कामगारांच्या सभांतून एक प्रश्न हटकून विचारतो : "तव्यावरची पोळी, फुगलेली असतानाच, तुमच्या पत्नीने शेवटची कधी खाल्ली?" मालकाविरुद्ध घोषणा देताना कडाडणारी मंडळी या प्रश्नाला एकदम गप्प होतात.

नवराबायकोने जोडीने बाहेर जेवण्याची खरी गोडी इथे आहे. मसाल्यात आहे, तुपात आहे, हे कोण नाकारील? पण त्याहून मोठी गोडी ही, की दोन पाने एका वेळी मांडली जातात, दोघांनाही गरम मिळते, आणि दोघांपैकी कोणालाही मध्येच उठावे लागत नाही. चार घास खाऊन झाल्यावर बोलायला सुचते, आणि बोलणे अर्धवट टाकून कोणाला गॅस बंद करायला जावे लागत नाही. एवढीशी ही गोष्ट. पण ती आपल्या समाजाला मिळायला फार वर्षे लागली आहेत.

ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांचीच कथा घ्या. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. कोणी चहा प्यायले, कोणी पेला नुसता हातात घेऊन खाली ठेवला. नावे छापून आली, आणि एवढ्यावरून गावात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, मोठमोठ्यांना प्रायश्चित्ते घ्यावी लागली. परक्याच्या हातचा एक पेला चहा त्या काळी एवढा महाग होता!

आणि योगायोग पाहा. त्याच १८९० साली, १० जून रोजी, मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना रविवारची सुट्टी मान्य केली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची कित्येक वर्षांची खटपट होती. आमच्या लेखी ही दोन्ही प्रकरणे एकाच ताटाची आहेत. बाहेर जोडीने जेवायचे, तर आधी हाताला सुट्टी हवी, आणि मग कोणाच्याही हातचे खाण्याची मोकळीक हवी. सुट्टी लोखंड्यांनी मिळवून दिली. मोकळीक मिळायला पुढे पुष्कळांना झिजावे लागले.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानलेल्या गृहस्थास चहाचे हॉटेल काढून दिले. 'सत्यसुधारक' हे त्याचे नाव. पण बोर्ड लावल्याने गिऱ्हाईक येत नाही. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेत, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावीत. पुढे १९५० साली राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, जात, लिंग यांवरून कोणास मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. घटनाकारांना उपाहारगृहाचा शब्दशः उल्लेख करावासा वाटला, याचा विचार करा. माणूस कोणाच्या शेजारी बसून खातो, यावर त्याची समाजातली जागा ठरते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्या अनुच्छेदात 'लिंग' हाही शब्द आहे. बाईलाही त्या टेबलापाशी तितकाच हक्क आहे.

आता गिरणगावाकडे वळू. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून, घाटावरून आलेले गडी राहत. त्यांचे कुटुंब गावी. त्यांची पोटे भरत ती खानावळवाल्या बायकांच्या जिवावर. आमच्या सासूबाई त्यांपैकीच एक. दहा बाय बाराच्या खोलीत त्या दोन वेळेला बावीस गडी जेवू घालीत. पहिल्या पाळीचे येऊन जात, मग दुसरीचे, आणि रात्रपाळीच्यांसाठी निराळे राखावे लागे. आमच्या सौभाग्यवती लहानपणापासून तिथे भाकऱ्या थापायला बसत. त्या सांगतात, "आईला बसून जेवताना मी कधी पाहिलेच नाही. ती उभ्याने खायची, पातेल्यातूनच." बावीस जणांची अन्नपूर्णा, आणि तिच्या नावाचे ताट घरात नाही!

या बायकांकडे प्रथम डोळस नजर गेली ती प्रेमाताई पुरव यांची. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि खानावळवाल्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेच्या कर्जाची वाट दाखविली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. गडी गावी गेले, कित्येकांची उधारी थकली ती थकलीच. सासूबाईंच्या वहीत ती नावे अखेरपर्यंत होती. एकाही नावावर त्यांनी काट मारली नाही, आणि एकालाही तगादा लावला नाही.

अशा घरातली मुलगी १९९४ साली आमच्या घरी आली. पहिल्या पगाराच्या रविवारी आम्ही तिला माटुंग्याला नेले. स्टेशनाजवळ, जिना चढून वर, रामा नायकांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ सालचे. केळीच्या पानावरचे साधे जेवण. पान पुढे आले, तिने त्यावर पाणी शिंपडून हाताने निपटून काढले. भाज्या आल्या, पापड आला, भाताची वाफ पानावर पसरली आणि केळीच्या पानाला तो ओला हिरवा वास सुटला. वाढप्याने भांडे जरा टेकविले मात्र, हिचा हात सवयीने पळीकडे गेला. आमच्या पानावर सांबार वाढायला! वाढपी हसून म्हणाला, "ताई, तुम्ही बसा. ते काम आमचे."

त्यानंतर तिने काय खाल्ले, ते आम्हांला आजही जसेच्या तसे आठवते. रसम दोनदा घेतले. दुसऱ्यांदा मागताना आवाज अगदी लहान होता. भातावर दही घेतले, मग नुसते ताक मागितले. जेवायला तिला पाऊण तास लागला. आमचे केव्हाच झाले होते, पण आम्ही उठलो नाही. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "अहो, मी इतकी हळू जेवते, हे मला माहीतच नव्हते." तिचा तो शोध आम्हांला फार मोठा वाटला. पंचवीस वर्षांच्या आयुष्यात या बाईला स्वतःच्या जेवण्याची गती कळली नव्हती, कारण तिला कोणी बसूच दिले नव्हते.

पुढे आम्हां दोघांना हा छंदच जडला. पैसा बेताचा, तेव्हा वर्षातून मोजक्या वेळा, पण ठरवून. दादरला मामा काण्यांच्या उपाहारगृहात, जे १९१० सालापासून दादरकरांना खिलवीत आहे, तिथे बटाटेवडा. धोबीतलावाला कयानीत ब्रूनमस्का आणि चहा. ते १९०४ सालचे. ब्रून चहात बुडवायचा किती वेळ, यावर आमचे आजतागायत एकमत झालेले नाही. ती म्हणते, कड मऊ झाली की पुरे. आम्ही म्हणतो, लोणी चहावर तरंगले पाहिजे. इराण्याच्या हॉटेलात पूर्वी लाकडी आडोशाच्या खोल्या असत. बाहेर पाटी, 'फॅमिली रूम'. सभ्य माणसे त्यांना नावे ठेवीत. पण ज्याच्या एका खोलीत सात माणसे निजतात, त्याने बायकोशी दोन शब्द बोलायचे कुठे? दोन कप चहाच्या किमतीत अर्ध्या तासाचा एकांत मिळे. मुंबईतल्या कित्येक संसारांचे बेत, मुलांची नावे आणि शाळासुद्धा, त्या आडोशाला ठरलेली आहेत.

लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी आम्ही बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात गेलो. १९२३ साली निघालेले हे हॉटेल. तिथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे : मोकळा भात, आत मटण किंवा कोंबडी, आणि वर इराणातून येणारी ती आंबटगोड तांबडी बारीक फळे. मालक बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलापाशी जाऊन गिऱ्हाइकाची चौकशी करीत; २०१९ साली ते वारले. पण हा पुलाव मूळ त्यांच्या पत्नी बच्चन कोहिनूर यांनी आणलेला. त्या इराणात राहून आल्या होत्या; तिथला पदार्थ त्यांनी इथल्या जिभेला जुळवून घेतला. हे कळल्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे इथेही बाईचाच हात. फक्त इथे तिचे नाव सांगतात."

मंडळी, आता मागच्या दाराने आत चला.

आपण दोघे सुखाने जेवत असतो, तेव्हा वाढणारा जेवलेला असतो का? पुष्कळ ठिकाणी नसतो. दुपारची गर्दी संपून चार वाजता तो पातेल्यात उरलेले खातो, तेही बहुधा उभ्याने. म्हणजे घरात जी जागा बाईची, तीच हॉटेलात वाढप्याची! १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने उपाहारगृहातल्या कामगारालाही कामाच्या तासांची मर्यादा आणि आठवड्याची सुट्टी दिली होती. २०१७ साली नवा कायदा आला. त्याने दहा कामगारांची अट घातली, आणि छोट्या हॉटेलांतला पोऱ्या त्याच्या बाहेर पडला. आणि कायदा असला तरी तो भटारखान्यापर्यंत चालत जात नाही; त्याला हात धरून न्यावे लागते.

एका हॉटेलात आम्ही मागण्यांची यादी करीत होतो. सगळे पगारवाढ सांगत होते. पन्नाशीचा एक वाढपी कोपऱ्यातून म्हणाला, "साहेब, दिवसाला तीनशे ताटे मी वाढतो. बायकोसमोर बसून जेवलो त्याला आठ महिने झाले. ती गावी असते." यादी तिथेच थांबली. त्या दिवशी दोन मागण्या वर चढल्या : गर्दीआधी, अकरा वाजता, सगळ्या कामगारांना बसून गरम जेवण, आणि वर्षाची रजा तुकड्यांनी न देता सलग. मालक म्हणाले, अकराला जेवले तर धंदा केव्हा? दोन महिने बोलणी चालली. शेवटी महिनाभर करून पाहायचे ठरले. पोटात अन्न असलेल्या माणसाच्या हातून कपबशा कमी फुटतात, हे मालकांच्याही ध्यानात आले, आणि करार झाला. त्या वाढप्याची पत्नी पुढे मुंबईला आली. तो तिला घेऊन दुसऱ्या एका हॉटेलात जेवायला गेला. आम्ही विचारले, "कसे झाले जेवण?" तो लाजून म्हणाला, "अर्धा वेळ त्या पोराच्या हाताकडेच बघत होतो, वाटी कुठल्या बाजूला ठेवतो ते!"

आपण शहाणी मंडळी आहात. आपल्याला उपदेश काय करावा? तरी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. जोडीने जेवायला जाल तेव्हा मुलांना एखाद्या वेळी घरी ठेवा. नाहीतर ती तिथेही भरविण्यात गुंतेल. काय मागवायचे ते आधी तिला सांगू द्या. ती किमतीच्या बाजूने यादी वाचू लागली, तर यादी तिच्या हातून अलगद काढून घ्या आणि नुसते विचारा, "आज खावेसे काय वाटते?" उत्तर यायला वेळ लागेल, थांबा. "घरी तू यापेक्षा चांगले करतेस," ही स्तुती तिथे कृपा करून करू नका. त्या एका वाक्याने ती पुन्हा ओट्यापाशी जाऊन उभी राहते. वाढणाऱ्याला 'ए' म्हणून हाक मारू नका, बंद व्हायच्या वेळी जाऊन बसू नका, आणि बक्षिसी द्यायची ती त्याच्या हातात द्या.

आणि ज्यांना बाहेर जेवणे परवडत नाही, असे लोक आजही थोडे नाहीत, त्यांनी आठवड्यातून एक दिवस घरातच हॉटेल काढावे. पोळ्या सगळ्या करून झाल्यावर पातेली मध्ये मांडा, दोन्ही ताटे एका वेळी घ्या, आणि मध्येच काही लागले तर नवऱ्याने उठावे. याला पैसा लागत नाही. लागते ती थोडी शरम सोडण्याची तयारी.

लोखंड्यांनी रविवार मिळवून दिला. त्या रविवारी घरातली बाई मात्र अजून कामावरच आहे, आणि हॉटेलातला वाढपीही. या दोघांचेही पान जेव्हा इतरांच्या बरोबरीने मांडले जाईल, तेव्हा ती सुट्टी पुरी झाली असे आम्ही म्हणू. तोवर आमची युनियन आपले काम करील; आपल्या घरापुरते काम आपण करावे, एवढेच मागणे मागून आम्ही आपली रजा घेतो.