खोल विहिरीचे पाणी आणि हातपंप



वीजपुरवठा खंडित झाला की नळयोजना थांबते. गावाची तहान मात्र थांबत नाही. अशा वेळी विंधणविहिरीवरील हातपंप हाच आधार ठरतो.

वरून पाणी ओढणारा पंप व्यवहारात सुमारे 7 मीटरपलीकडे उपयोगी पडत नाही, कारण हवेच्या दाबाला मर्यादा आहे. म्हणून खोल विहिरीत दट्ट्या व झडपा असलेले सिलिंडर पाण्याखाली सोडतात. दांडा दाबला की दट्ट्या पाणी वर उचलतो. सोलापूर येथील पंपाच्या धर्तीवर 1970 नंतरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने 'इंडिया मार्क दोन' हा पंप सिद्ध झाला. तो सुमारे 45 मीटर खोलीवरून पाणी काढतो. दांडा 40 वेळा मारल्यास 12 ते 15 लीटर पाणी मिळते.

पंपाची दुखणी ओळखणे अवघड नाही. बराच वेळ दांडा मारल्यावर पाणी येत असेल, तर तळाची झडप गळते असे समजावे. धार बारीक झाल्यास दट्ट्याचे वायसर तपासून घ्यावेत. दांडा एकाएकी हलका लागल्यास आतील सळई सुटलेली असण्याचा संभव असतो. साखळीला वंगण द्यावे, नटबोल्ट आवळावेत आणि ओट्याभोवती सांडपाणी साचू देऊ नये. तेच झिरपून विहिरीत उतरते.

नळ आले म्हणून जुना हातपंप मोडीत काढू नये. आठवड्यातून एकदा तरी तो चालवून पाहावा. वादळात तारा तुटतील त्या रात्री लेकरांच्या व आजाऱ्यांच्या मुखी पाणी त्याच्यामुळेच पडणार आहे, एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.