आधी मेमरी बघा

घरातला, दुकानातला किंवा एखाद्या पतसंस्थेतला जुना डेस्कटॉप अडखळायला लागला की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं : संगणक म्हातारा झाला. मग दुरुस्तीवाला येतो, फॉरमॅट मारून देतो, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू होतं. शेवटी यंत्र भंगारात निघतं. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे, आणि मिळालेल्या वेळात ती मी दोन-तीनदा सांगणार आहे. आधी मेमरी बघा. मेमरी म्हणजे रॅम. फोटो आणि गाणी साठवायची हार्ड डिस्क नव्हे. प्रोसेसर वयामुळे मंदावत नाही. २.९३ गिगाहर्ट्झचा जुना कोअर टू डुओ जितका वेगवान पहिल्या दिवशी होता तितकाच तो आजही आहे. पंख्यात धूळ साचली, प्रोसेसरवरची पेस्ट वाळली, तर तो तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो, हे खरं. पण ते ब्रश आणि नव्या पेस्टचं काम आहे. हार्ड डिस्क खराब होत असेल तर तीही आधी तपासून घ्यावी. या दोन गोष्टी ठीक असूनही संगणक रखडत असेल, तर त्याला बहुधा जागा पुरत नसते.

जागा म्हणजे काय, ते स्वयंपाकघरात बघा. रॅम हा ओटा आणि हार्ड डिस्क हा माळा. चिरायचं, मळायचं, वाढायचं ते सगळं ओट्यावर. माळ्यावर फक्त साठवण. ओट्यावर जागा उरली नाही की बाई परात उचलून माळ्यावर ठेवते आणि तिथून कढई खाली आणते. दोन मिनिटांनी पुन्हा परात हवी म्हणून परत शिडी चढते. संगणक नेमकं हेच करतो. रॅम भरली की नको असलेला भाग तो डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकतो आणि लागला की परत आणतो. आता हिशोब बघा. रॅममधली वस्तू मिळायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग पुरतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणाऱ्या हार्ड डिस्कला तीच वस्तू शोधायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात, म्हणजे लाखपट वेळ. ओट्यावरचं मीठ घ्यायला एक सेकंद लागत असेल, तर माळ्यावरचं मीठ मिळायला एक दिवसाहून जास्त लागेल! अशा वेळी बाईचे हात मंदावले म्हणून तिलाच बदलायला निघणं याला काय म्हणावं?

कुणी म्हणेल, 'पण हाच संगणक पूर्वी छान चालायचा, ओटा काही आक्रसला नाही.' बरोबर आहे. ओटा तेवढाच राहिला, पंगत वाढली. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम चालत असे. विंडोज ११ किमान ४ जीबी मागते. ती झाली चौसष्टपट. आणि हा किमान आकडा म्हणजे संगणक सुरू होण्यापुरता, सुखाने काम करण्यापुरता नव्हे. दुसरं कुणी म्हणेल, 'आम्ही फक्त पत्रं टाइप करतो.' तसं नसतं. मागे अँटिव्हायरस चालू असतो, अपडेट उतरत असतात, ब्राउझर उघडा असतो. २००८ साली आलेल्या क्रोमने वेगवेगळ्या टॅबना वेगवेगळी प्रक्रिया देण्याची रीत रुजवली. एक टॅब कोसळला तरी बाकीचे वाचतात, ही त्यातली सोय. पण प्रत्येकाचं ताट वेगळं, म्हणून ओटा लवकर भरतो. फॉरमॅट मारल्यावर चार दिवस बरे का जातात, तेही यातच आलं. ओटा तेवढ्यापुरता रिकामा होतो, मोठा होत नाही.

म्हणून पुन्हा सांगते, आधी मेमरी बघा, आणि बघायला पैसे लागत नाहीत. संगणक रडत असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा आणि परफॉर्मन्सच्या पानावर जा. प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत, मेमरी नव्वदीच्या पुढे आणि डिस्क शंभर टक्क्यांवर, असं चित्र दिसलं की रोग कळला. मात्र लगेच दुकानात धावू नका, कारण मर्यादा तीन ठिकाणी असते. पहिली मदरबोर्डवर. जी३१ चिपसेटच्या बोर्डावर ४ जीबीच्या पुढे जाता येत नाही, जी४१ वर ८, एच६१ वर १६. दुसरी रॅमच्या जातीत. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्ही पट्ट्यांना २४० पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते; एकीच्या जागी दुसरी बसत नाही, जोर लावू नका. जी४१ तर आणखी चोखंदळ आहे. ४ जीबीची पट्टी घेताना तिच्यावरच्या काळ्या चिपा मोजून घ्या : दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा सोळा हव्यात, एकूण आठच असतील तर ती सहसा चालत नाही. तिसरी मर्यादा विंडोजमध्येच. बत्तीस बिटांच्या पत्त्यांत ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ बाइट मावतात, म्हणजे ४ जीबी, आणि त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर भागांसाठी राखीव जातात. म्हणून पट्ट्या ४ जीबीच्या असूनही पडद्यावर 'वापरण्याजोगी ३.२५' असं दिसतं. ओटा कितीही लांब बांधा, बाईचा हात पोहोचतो तेवढाच तिचा. तिथे आधी चौसष्ट बिटांची विंडोज हवी.

'त्यापेक्षा एसएसडी टाकली तर?' जरूर टाका, संगणक सुरू व्हायला लागणारा वेळ एकदम उतरेल. पण एसएसडी म्हणजे माळ्यावरचं सामान हाताशी असलेल्या फडताळात आणणं. माळ्यापेक्षा शंभरपट जवळ, तरी ओट्यापेक्षा हजारपट लांब. ज्या बोर्डावर रॅम वाढतच नाही तिथे हाच उत्तम उपाय. जिथे वाढते तिथे आधी रॅम. आणि गरजेपेक्षा जास्त रॅम घालूनही उपयोग नाही. चार माणसांच्या घरात वीस फुटी ओटा बांधला म्हणून भात लवकर शिजत नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप विंडोज १०चा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ या जुन्या प्रोसेसरांना स्वीकारत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. रॅम वाढवून सुरक्षा येत नाही. सुरक्षा अपडेट बंद झालेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत. पण म्हणून यंत्र निकामी ठरत नाही. लिनक्स मिंट ४ जीबीवर नीट चालते, तिच्यात इनस्क्रिप्टचा मराठी कळफलक आहे, लिब्रेऑफिस आहे. शाळेच्या वर्गाला, वाचनालयाच्या नोंदींना एवढं पुष्कळ झालं.

तेव्हा जाता जाता तिसऱ्यांदा. संगणक टाकून देण्यापूर्वी त्या तीन कळा दाबा, बोर्डाचा क्रमांक कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद घेऊनच लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावच्या दुकानात जा. दुकानदार नवा संगणक दाखवायला लागला, तरी आधी रॅमचं विचारा.