शिकले ते कशावरून?

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात शिष्यवृत्ती समितीच्या वतीने केलेले भाषण)



जेवणाच्या आधी भाषण ठेवलं की वक्ते वेळ पाळतात, हे आपल्या कार्यकारिणीला अनुभवाने ठाऊक आहे. तेव्हा सरळ मुद्द्याकडे वळतो.

आज जमणारा निधी कम्युनिटी कॉलेजातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. नर्सिंग, वेल्डिंग, मोटार दुरुस्ती, बालशिक्षण वगैरे. गेले काही आठवडे आम्ही आपल्याला फोन करतोय, आणि जवळजवळ प्रत्येकाने एक प्रश्न विचारला: "पैसे देतो हो, पण ही मुलं खरंच काही शिकली हे कळणार कसं?" प्रश्न अगदी रास्त आहे. कॉलेजांनाही तो कित्येक वर्षं सतावतोय. आमच्या समितीत दोघं कम्युनिटी कॉलेजात शिकवतात, एक जण इस्पितळात आहे, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू घरच्याच आहेत.

आपल्यापैकी बहुतेकांची मुलं चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत जातात. कम्युनिटी कॉलेजशी आपला संबंध येतो तो उन्हाळ्यात एखादा कॅल्क्युलसचा कोर्स स्वस्तात उरकण्यापुरता. पण या संस्थेचा जन्म आपल्याच इलिनॉयमधला. जोलिएटला १९०१ साली हायस्कूलचे सुपरिंटेंडेंट जे. स्टॅन्ली ब्राऊन आणि शिकागो युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी हे रोपटं लावलं, तेव्हा विद्यार्थी होते सहा. आज देशभरात अशी सुमारे हजार कॉलेजं आहेत. तिथले जवळजवळ दोन-तृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग, मधल्या वेळात डे-केअरमधून मूल आणायचं. आपल्या ओळखीतल्याही काही जणी भारतातली डिग्री बाजूला ठेवून इथे चाळिशीत नव्याने शिकायला बसल्या आहेत.

तर, शिकले ते कशावरून? पहिलं उत्तर सुचतं ते ग्रेडचं. आपण मार्कांवर वाढलेली माणसं. पण एका ग्रेडमध्ये काय काय मिसळलेलं असतं ते बघा. परीक्षा, गृहपाठ, हजेरी, वर्गातला सहभाग, वेळेत दिलेली असाइनमेंट, कधी थोडं एक्स्ट्रा क्रेडिट. सगळं एका पातेल्यात शिजतं आणि बाहेर एक अक्षर येतं. त्या अक्षरावरून कोणती गोष्ट येते आणि कोणती नाही, हे सांगता येत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण नर्सिंगमधलं. डॉक्टरांनी औषध लिहिलंय ५०० मिलिग्रॅम. बाटलीवर छापलंय, ५ मिलिलीटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. किती द्यायचं? २० मिलिलीटर. गणित चौथी-पाचवीचं आहे. आता एखाद्या विद्यार्थिनीला अशा दहापैकी सात गणितं आली. आपल्या हिशेबाने ७० टक्के. आमच्या वेळी ६० ला फर्स्ट क्लास मिळायचा. वॉर्डात मात्र त्याचा अर्थ तीन जणांना चुकीचा डोस. म्हणून अनेक नर्सिंग अभ्यासक्रमांत मात्रेच्या गणिताची परीक्षा वेगळी असते, आणि तिथे पास व्हायला ९० टक्के, काही ठिकाणी पूर्ण १०० लागतात. बाकी विषयांतले मार्क तिथे उपयोगाला येत नाहीत.

शिक्षणशास्त्रात ज्याला 'लर्निंग आऊटकम' म्हणतात ते थोडक्यात हेच. "विद्यार्थ्याला औषधांची मात्रा समजेल" असं लिहिलं की ते तपासता येत नाही. समजलं की नाही, कोण सांगणार? "दिलेल्या ऑर्डरवरून किती मिलिलीटर द्यायचे ते बिनचूक काढून दाखवेल" असं लिहिलं की तपासता येतं. सगळी मेख त्या 'दाखवेल' मध्ये आहे.

ज्यांनी गावाकडे आयटीआय जवळून पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. फिटरच्या प्रॅक्टिकलला 'जॉब' देतात. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा. झाला की गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की संपलं. मुलगा हुशार आहे, अक्षर चांगलं आहे, वडील शिक्षक आहेत, यातलं काहीही त्या फटीत भरता येत नाही.

इथल्या वेल्डिंगची परीक्षा त्याच जातीची. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या 'डी १.१' या संहितेप्रमाणे पोलादाच्या दोन प्लेटी जोडायच्या, कधी उभा सांधा, कधी डोक्यावरचा. डोक्यावरचा सर्वांत अवघड, कारण वितळलेला धातू खाली ओघळू पाहतो. मग त्या सांध्यातून पट्ट्या कापतात आणि यंत्रात घालून इंग्रजी 'यू' सारख्या वाकवतात. एक पट्टी सांध्याचं तोंड बाहेर ठेवून, दुसरी त्याचं मूळ बाहेर ठेवून. वाकलेल्या भागावर तीन मिलिमीटरहून मोठी भेग उघडली तर नापास. वरून सांधा कितीही देखणा असो, आत पोकळी राहिली असेल तर ती तिथे दिसतेच. शिवाय भेग मुळाशी आहे की तोंडाशी, यावरून शिक्षकालाही कळतं की आपलं शिकवणं कुठे कमी पडतंय. आमच्या मते चांगल्या परीक्षेची हीच खूण.

नर्सिंगची परवाना परीक्षा, एनक्लेक्स, बाहेरून अगदी निराळी पण आतून तशीच. ही परीक्षा १९९४ पासून कॉम्प्युटरवर होते, आणि प्रत्येक उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड येतो. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या पद्धतीत कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न असतात. ही उमेदवार रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की कॉम्प्युटर थांबतो. त्यामुळे ८५ व्या प्रश्नाला पडदा काळा झाला की पोटात गोळा येतो. पास झालो म्हणून थांबला की नापास म्हणून, हे तेव्हा कळत नाही! नव्या पद्धतीत एकाच रुग्णाची गोष्ट पुढे पुढे उलगडत जाते. कोणतं लक्षण महत्त्वाचं, त्याचा अर्थ काय, आधी कशाकडे बघायचं, काय करायचं, आणि केल्यावर फरक पडला का, हे टप्प्याटप्प्याने विचारतात. पाठांतरावर निभावणं त्यामुळे कठीण झालंय, आणि ते योग्यच आहे.

पण सगळ्याच व्यवसायांत वाकवायला पट्टी नसते. बालशिक्षणाचं घ्या. तीन वर्षांचं मूल जमिनीवर लोळण घेतंय आणि विद्यार्थिनी त्याला शांत करतेय. याला मार्क कसे देणार? यासाठी निकषांचा तक्ता करतात: उत्तम म्हणजे काय, बरं म्हणजे काय, कमी म्हणजे काय, ते शब्दांत लिहून ठेवायचं. तरीही घोटाळा होतोच. आपल्या पाककृती स्पर्धेचा अनुभव सर्वांना आहे. एकाच पुरणपोळीला एक परीक्षक नऊ देतो, दुसरा पाच, आणि पुढचे सहा महिने कोण कोणाशी बोलत नाही हे सेक्रेटरींना विचारा. उपाय एकच असतो, सर्व शिक्षकांनी एकत्र बसून तेच काम तपासायचं, आकडे का वेगळे आले यावर भांडायचं आणि पुन्हा तपासायचं. याला वेळ लागतो. कम्युनिटी कॉलेजात बरेच शिक्षक तासांवर नेमलेले असतात आणि त्यांना पगार वर्गाच्या तासांचा मिळतो. अशा बैठकीचे पैसे पुष्कळदा कोणी देत नाही. मग बैठक होत नाही, तक्ता फाइलमध्ये राहतो आणि मान्यता देणाऱ्या संस्थेची माणसं आली की बाहेर निघतो.

सरकारकडे पाहिलं तर गाडी उलट दिशेला चाललेली दिसते. व्यावसायिक शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा १९८४ पासून पर्किन्स कायद्याखाली मिळतो. त्याच्या २००६ च्या आवृत्तीत कॉलेजांनी द्यायच्या आकड्यांत पहिलाच आकडा होता, तांत्रिक कौशल्य किती विद्यार्थ्यांनी मिळवलं. राज्याराज्यांत तो मोजण्याची पद्धत सारखी नव्हती, त्यात अडचणी फार होत्या, हे मान्य. पण २०१८ च्या आवृत्तीत कॉलेजांसाठी तो आकडाच गेला. राहिलं ते असं: विद्यार्थी पुढे शिकतोय किंवा कामाला लागलाय का, मान्य प्रमाणपत्र मिळालं का, आणि ज्या व्यवसायात स्त्रिया किंवा पुरुष कमी आहेत तिथे ते येतात का. २०२५ च्या कायद्याने आठ ते चौदा आठवड्यांच्या छोट्या कोर्सेसना १ जुलै २०२६ पासून पेल ग्रांटचा रस्ता मोकळा केला, त्यातही अटी आहेत त्या ७० टक्क्यांनी कोर्स पुरा करावा आणि ७० टक्क्यांना नोकरी लागावी अशा.

नोकरी लागणं महत्त्वाचं नाही असं कोण म्हणेल? पण बाजारात वेल्डर कमी पडले की मालक अर्ध्या कोर्समधून मुलं उचलून नेतात. ती मुलं शिकलेली असतात, कागदावर मात्र 'कोर्स सोडला' अशी नोंद. उलट, मंदीच्या वर्षी उत्तम शिकलेला घरी बसतो. दोन्हीकडे आकडा बाजाराचा असतो आणि श्रेय किंवा दोष कॉलेजला मिळतो.

एनक्लेक्सच्या निकालातही एक खोच आहे. पहिल्या प्रयत्नात किती टक्के पास झाले, हे प्रत्येक कॉलेजचं जाहीर होतं. तो आकडा फार घसरला तर मान्यता धोक्यात येते. म्हणून काही ठिकाणी शेवटच्या सत्रात एक सराव परीक्षा लावतात आणि तीत कमी पडणाऱ्या मुलींना कोर्स पुराच होऊ देत नाहीत. मग त्या मुख्य परीक्षेला बसतच नाहीत आणि निकाल झकास लागतो. कोणी तुम्हाला "आमचा निकाल ९८ टक्के" असं सांगितलं तर जरूर अभिनंदन करा, आणि मग विचारा की पहिल्या सत्रात किती जणी होत्या. दर चार जणींतली एक वाटेत गळली असेल तर ती कुठे आणि का गळली, यात आम्हाला जास्त रस आहे.

आता आपल्या निधीविषयी. शिष्यवृत्ती जीपीए बघून द्यावी अशी सूचना काही सभासदांनी केली होती. ती सोपी आहे, वादही कमी होतात. समितीने ती स्वीकारली नाही. आपला पैसा आम्ही शिकणं आणि सिद्ध करणं यांच्यामधल्या फटीत घालणार आहोत, कारण तिथे फार माणसं पडतात. एनक्लेक्सची नोंदणी फी २०० डॉलर आहे, परवान्याचे पैसे वेगळे. नापास झालं की पुन्हा तेवढीच फी. दोन मुलांच्या आईने कोर्स पूर्ण केला, पहिल्यांदा थोडक्यात हुकली आणि दुसऱ्यांदा फी भरायला सहा महिने लागले, की तोवर विसरायला झालेलं असतं. म्हणून पहिली फी आणि गरज पडली तर दुसरीही या निधीतून. वेल्डिंगवाल्यांना सरावाच्या प्लेटी, कारण डोक्यावरचा सांधा दहा-वीस वेळा बिघडवल्याशिवाय जमत नाही आणि पोलाद फुकट मिळत नाही. आणि थोडा भाग त्या बैठकांसाठी, तासांवरच्या शिक्षकांना आणि बाहेरून तपासायला येणाऱ्या कामकरी वेल्डरना मानधन म्हणून. या शेवटच्या खर्चाला देणगीदार मिळणं अवघड जातं, हे आम्हाला माहीत आहे. त्यावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही.

"आम्ही ज्याला पैसे दिले त्याचे मार्क कळतील का?" असंही काहींनी विचारलं. नाही. १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे. विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज ते कोणाला देत नाही, आणि मदत घेतली म्हणून संमती मागणं आम्हाला प्रशस्त वाटत नाही. त्याऐवजी कॉलेजकडून आम्ही वर्षातून एकदा नावांशिवाय दोन पानं मागणार आहोत. काय तपासलं, किती जणांनी करून दाखवलं, कुठे अडलं आणि त्यावरून शिकवण्यात काय बदललं. 'सर्व उत्तम' असं लिहून आलं तर आम्ही पत्र परत पाठवू. आलेली पानं मंडळाच्या वार्षिक सभेत वाचली जातील.

देणगीचे फॉर्म दाराजवळच्या टेबलावर आहेत. तिथेच एक वही ठेवली आहे. ज्यांना कॉलेजच्या शॉपमध्ये येऊन पट्टी वाकवायची परीक्षा डोळ्यांनी पाहायची आहे त्यांनी तीत नाव लिहावं. शनिवारी सकाळी नेऊ. चष्मे तिथे मिळतात, पायात मात्र बंद बूट हवेत. साडी आणि कोल्हापुरी चालणार नाही.