घरात सापडले, तर कोणाचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी हळदीकुंकवाचे, पाककृतींचे बोलावे असा आपला रिवाज आहे. मी आज गांजा-चरसाच्या कायद्याविषयी बोलणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण हा विषय आपल्या माळ्यावर, ट्रंकेत आणि भाड्याच्या खोलीत येऊन बसू शकतो, म्हणून मी तो समजून घेतला.

शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला दूरदूरची माणसे येतात. एकेका खोलीत चार-चार, पाच-पाच जण राहतात. त्या भाड्याचा पुष्कळजणींच्या संसाराला हातभार आहे. अशा खोलीतल्या पिशवीत उद्या गांजा सापडला, तर गुन्हेगार कोण? पिशवीवाला, खोलीतले सगळे, की घरमालकीण?

यासाठी १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहे. त्यात मुख्य शब्द ‘ताबा’. न्यायालय दोन गोष्टी पाहते. वस्तू त्या माणसाच्या हाताखाली होती काय, आणि ती तिथे आहे हे त्याला ठाऊक होते काय? दोन्ही जुळले तर एकच पुडी चौघांच्या ताब्यातली ठरू शकते. प्रत्येकाच्या खिशात सापडायला नको. हिमाचलात एका खासगी मोटारीत चरस सापडला होता. आतली माणसे एकमेकांच्या ओळखीची होती आणि एकत्र कशी निघाली हे त्यांना सांगता आले नाही. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने मदनलाल खटल्यात तो चरस सर्वांच्याच जाणत्या ताब्यात धरला. एकदा ताबा सिद्ध झाला की ‘मला ठाऊक नव्हते’ हे आरोपीलाच सिद्ध करावे लागते. इथे हा कायदा फार कडक आहे.

पण नुसते जवळ असणे म्हणजे गुन्हा नव्हे. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या जहाजावरील प्रकरणात शाहरुख खान यांच्या मुलाला, आर्यनला, अटक झाली. त्याच्याजवळ काही सापडले नव्हते. मित्राजवळच्या चरसाची त्याला जाणीव होती, असे म्हणणे होते. एका जहाजावर असणे म्हणजे कट नव्हे, असे सांगून उच्च न्यायालयाने जामीन दिला. मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी त्याच्यावर आरोपपत्रही ठेवले नाही. पण तोवर सुमारे चार आठवडे कोठडीत गेलेच की! मोठे वकील लावणाऱ्याची ही गत, तर आपल्या पोरांचे काय?

आता चिलीम, नळी यांचे. नुसत्या कोऱ्या चिलमीसाठी या कायद्यात वेगळी शिक्षा नाही. पण तिला चिकटलेला चरस हा चरसच. पदार्थ तयार करण्याची खास भांडी, यंत्रे सापडली आणि त्यांचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा झाला असेच न्यायालय धरून चालते.

हे दूरचे समजू नका. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत, मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखाना पकडला. तिथल्या रखवालदारालाही अटक झाली. या एमडीचे प्रमाण ५० ग्रॅमच्या पुढे गेले की शिक्षा १० ते २० वर्षे. आपले घर, खोली, गाडी, फार काय जनावरसुद्धा, जो जाणूनबुजून अशा कामाला वापरू देतो, त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. कलम २५ तसे सांगते.

म्हणून भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी आणि पोच जपून ठेवावी. कोणाचीही बंद पिशवी ‘जरा ठेवा हो वहिनी’ म्हटले म्हणून ठेवून घेऊ नये. संशय आला तर १९३३ या क्रमांकावर कळवावे. झडती आलीच, तर बाईच्या अंगाची झडती बाईनेच घ्यायची, हेही ध्यानात असू द्या.

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी सांगते. मुलाच्या खिशात पुडी सापडली की आई ती तांदळाच्या डब्यात लपवते. माया असते ती. पण ठाऊक असून लपवली, की ती पुडी आईच्याही ताब्यातली होते, आणि मुलाचे व्यसन तसेच राहते. त्यापेक्षा त्याला सरकारी किंवा सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्रात न्यावे. १४४४६ वर विचारणा करता येते. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात जो आपणहून उपचार घेतो आणि ते पुरे करतो, त्याला खटल्यातून सूट देणारे कलम ६४-अ याच कायद्यात आहे. गांजाचे अल्प प्रमाण म्हणजे १ किलोपर्यंत, चरसाचे १०० ग्रॅमपर्यंत.

तेव्हा भगिनींनो, लाजेपायी झाकू नका. शेजारणीच्या घरी असे काही कळले, तर कुजबुजण्याऐवजी तिच्याबरोबर दवाखान्यात जा. आपल्या मंडळाने या वर्षी एवढे केले, तरी पुष्कळ झाले.