यंत्राचे झाकण उघडा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात राजारामपुरी, कोल्हापूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)





कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘व्हिडिओ आणि संगणकाचा वेग’ असा छापला आहे. तो वाचून काही पालकांना वाटले असेल की, हे आपले काम नव्हे. आणि इतिहास शिकविणाऱ्या बी.ए., बी.एड. मास्तराचे तर मुळीच नव्हे. दुसरे म्हणणे बरेचसे खरे आहे. आज मी जे सांगणार आहे ते पुस्तकातून शिकलेलो नाही, माझ्याच एका माजी विद्यार्थिनीकडून शिकलो आहे. पण ते समजले तेव्हा मला इतिहासातलीच एक ओळखीची गोष्ट आठवली. म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला. त्यानंतर आपल्या कोल्हापुरात आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगविणारे भाऊ चित्रपटाच्या नादी लागले. त्यांनी एक प्रोजेक्टर विकत घेतला आणि कॅमेरा आपणच बनवावा या खटपटीला लागले. 1916 साली आनंदराव वारले. तरी बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी 1918 साली कॅमेरा सिद्ध केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 साली पडद्यावर आला.

याच कंपनीत कागलचे शेख फत्तेलाल तयार झाले. लोक त्यांना साहेबमामा म्हणत. कुंचला, कॅमेरा, सजावट, सर्व कामांत त्यांचा हात चाले. 1929 साली याच शहरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. प्रभात 1933 साली पुण्यास गेली. तेथे दामले आणि फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ या 1936 सालच्या चित्रपटाचा 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला.

ही नावे आपण अभिमानाने घेतो. पण मला त्यांच्यातील एक गुण वेगळा काढून दाखवावयाचा आहे. यंत्र हाती आल्यावर या माणसांनी नुसती दांडी फिरवली नाही. आत काय चालते ते पाहिले. म्हणूनच परदेशी कॅमेऱ्यावाचून त्यांचे अडले नाही.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. पण त्यातील दंतचक्रे गेली आणि त्यांच्या जागी आकडे आले. म्हणून झाकण उघडून पाहायचे तर आता आकड्यांकडे पाहावे लागते. विद्यार्थी मित्रांनो, कागद-पेन्सिल घ्या, आपण एक गणित करू.

संगणकावरील चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. नेहमीच्या फुल एचडी चित्रात एका ओळीत 1920 ठिपके, आणि अशा 1080 ओळी. गुणाकार केला की 20,73,600 ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक 0 ते 255 यांमधला. म्हणजे एका चित्रात 62,20,800 आकडे झाले. व्हिडिओत अशी चित्रे सेकंदाला 25 धावतात. तेव्हा एका सेकंदाचे 15 कोटी 55 लाखांवर आकडे! चाळीस मिनिटांच्या एका तासिकेत 60,000 चित्रे येतात. ती जशीच्या तशी साठविली तर सुमारे 373 गिगाबाइट जागा लागेल. म्हणूनच व्हिडिओ नेहमी घडी घालून ठेवतात, आणि पाहताना किंवा दुरुस्त करताना ती घडी उलगडावी लागते.

आता त्या विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. तिच्या वडिलांचे राजारामपुरीत लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचे दुकान आहे. 2020 साली टाळेबंदी आली आणि लग्नांचे शूटिंग थांबले. मुलगी तेव्हा पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्याच सुमारास आम्ही दहावीच्या मुलांसाठी फळ्यावरचे पाठ चित्रित करीत होतो. कॅमेरा तिच्या वडिलांचा. पण वर्गात उजेड कमी, त्यामुळे फळा काळाकुट्ट दिसे आणि त्यावर दाणे दाणे नाचत. तिने ‘सी’ भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला. तो प्रत्येक चित्र उजळ करी, आणि मागचे चित्र व पुढचे चित्र यांची सरासरी काढून दाणे कमी करी. फळा जागचा हलत नसल्याने ही युक्ती चांगली लागू पडली.

परिणाम छान आला. अडचण वेगाची होती. दुकानातल्या जुन्या संगणकाला एका चित्राला जवळजवळ अर्धा सेकंद लागे. 60,000 चित्रे म्हणजे आठ तासांहून अधिक! रात्री काम लावावे आणि सकाळी पाहावे तर वीज जाऊन सगळे वाया गेलेले. वडील म्हणाले, “नवीन मशीन घ्यायला आता पैसे कुठले? आणि घ्यायचंच असेल तर तू कॉलेज सोड, दुकानात बस. एवढं येतंय की तुला, ते पुरे.” त्यांचे काही चुकले नव्हते. घरात मिळकत नाही, पुढचे वर्ष कसे जाईल ते माहीत नाही. मुलगी माझ्याकडे आली ती व्हिडिओसाठी नव्हे; वडिलांना काही दिवस थांबायला सांगा, एवढेच तिचे म्हणणे होते. मी सांगितले. ते पंधरा दिवस थांबले.

त्या पंधरा दिवसांत तिने काय केले ते सांगतो, कारण त्यात प्रत्येकाने घेण्यासारखे काही आहे.

पहिल्यांदा तिने काहीच बदलले नाही, फक्त मोजले. प्रोग्रॅमच्या कोणत्या भागात किती वेळ जातो याची वहीत नोंद केली. आपला अंदाज बहुधा चुकतो, आणि जेथे वेळ जातच नाही तेथे आपण घाम गाळतो, असे ती म्हणाली. तिला वाटले होते सरासरी काढण्यात वेळ जातो, निघाले उलटेच. बहुतेक वेळ चित्र उजळ करण्यात जात होता.

का जात होता? उजळ करण्यासाठी प्रत्येक आकड्यावर घातांकाचे लांबलचक गणित होते, आणि ते एका चित्रासाठी 62 लाख वेळा चाले. पण आकडा तर 0 ते 255 यांपैकीच कोणता तरी असणार! म्हणजे उत्तरे फक्त 256. तिने ती 256 उत्तरे सुरुवातीलाच एकदा काढून तक्ता करून ठेवला. मग गणित करायचे नाही, तक्त्यात पाहायचे आणि लिहायचे. पालकहो, आपण मुलांकडून पाढे पाठ करून घेतो ते याचसाठी. सात आठे विचारले की मूल सात वेळा आठ मिळवीत बसत नाही.

दुसरी गोष्ट वाढपाची. लग्नात वाढणारा भांडे घेऊन एका पंगतीच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. त्याने पहिल्या पंगतीत एकाला वाढले, मग दुसऱ्या पंगतीत एकाला, मग तिसऱ्या, असे केले तर जेवणे रात्रीपर्यंत उरकणार नाहीत. तिचा प्रोग्रॅम नेमके हेच करीत होता. चित्र स्मृतीत ओळीने मांडलेले असते आणि हा वरून खाली उभा चालत होता. प्रोसेसर स्मृतीतून एकेक आकडा आणीत नाही. शेजारचे 64 आकडे एका खेपेत आणून आपल्याजवळच्या छोट्या कपाटात ठेवतो. या कपाटाला कॅशे म्हणतात. उभे चालले की त्या खेपेतले तीनच आकडे वापरले जातात, आणि बाकीच्यांची पाळी येईपर्यंत कपाट भरून ते बाहेर पडलेले असतात. तिने दोन ओळींची अदलाबदल केली. आतला फेरा बाहेर, बाहेरचा आत. एक अक्षर वाढले नाही, पण काम कितीतरी हलके झाले.

तिसरी गोष्ट कवायतीची. मैदानावर मास्तर प्रत्येक मुलाला निराळा हुकूम देत नाहीत. एकदाच हुकूम सुटतो आणि सारी रांग वळते. प्रोसेसरमध्येही अशा आज्ञा असतात. 2000 सालच्या अखेरीस आलेल्या पेंटियम 4 मध्ये एका आज्ञेत सोळा-सोळा आकड्यांच्या जोड्यांची सरासरी काढण्याची सोय होती, आणि पुढच्या त्या जातीच्या प्रोसेसरांतही ती राहिली. दुकानातल्या जुन्या संगणकातही ती होती. इतकी वर्षे कोणी हाक मारली नव्हती एवढेच. आता 62 लाख वेळा करायचे काम 3,88,800 आज्ञांत होऊ लागले. ‘सी’चे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कम्पायलर अशा आज्ञा पुष्कळदा आपण होऊन वापरतो, पण तो वापरतो की नाही हे पाहायला प्रोसेसरची बोली, म्हणजे असेंब्ली, थोडी तरी वाचता आली पाहिजे.

आणि येथे या हकीकतीतला मला सर्वांत आवडलेला भाग येतो. वेग आल्यावर तिने जुना आणि नवा निकाल आकड्याला आकडा लावून ताडून पाहिला. काही ठिकाणी एकाचा फरक निघाला. डोळ्यांना तो मुळीच दिसत नव्हता. मीच म्हणालो, “जाऊ दे, एकाने काय होते?” ती म्हणाली, “सर, फरक का आला हे कळल्याशिवाय बरोबर आहे असं कसं म्हणू?” दोन दिवसांनी कारण सापडले. 100 आणि 101 यांची सरासरी साडेशंभर. तिचा जुना प्रोग्रॅम अर्धा सोडून 100 धरी, तर प्रोसेसरची ती आज्ञा अर्ध्याला वर नेऊन 101 धरते. दोन्ही पद्धती चालतात. पण कोणती वापरली हे आपल्याला ठाऊक पाहिजे. व्यापारातील हिशेब असो वा संगणकाचा, पैशाचा फरक सोडून देण्याची सवय लागली की रुपयाचाही सुटतो. त्या दिवशी मास्तर ती होती आणि विद्यार्थी मी.

शेवटी तिच्या प्रोग्रॅमला एका चित्रासाठी अर्ध्या सेकंदाऐवजी 15 मिलिसेकंद लागू लागले. आठ तासांचे काम पंधरा मिनिटांवर आले. घडी उलगडण्याचा आणि पुन्हा घालण्याचा वेळ निराळा. ते काम तिने एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरवर सोपविले होते. संगणक तोच, एक रुपया खर्च नाही. तिच्या वडिलांनी ते पाहिले आणि कॉलेज सोडण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. ती आज कोठे मोठ्या पगारावर आहे असे सांगून मी टाळ्या घेणार नाही. तिने पदविका पूर्ण केली आणि ती पुढे शिकली, एवढे मला पुरे आहे.

एफएफएमपेगचे नाव आलेच आहे तर सांगतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते 2000 साली सुरू केले. पुढे जगभरातील अनेकांनी त्यात भर घातली. त्यातील वेगाचे नाजूक भाग आजही हाताने असेंब्लीत लिहिलेले आहेत, आणि ते सारे लिखाण कोणालाही वाचायला खुले आहे. त्याला फी नाही, शिफारसपत्र नाही, जात-धर्म विचारला जात नाही. बाबूराव पेंटरांना यंत्र समजून घेण्यासाठी आधी ते मिळवावे लागले. तुमच्यासमोर ते उघडूनच ठेवले आहे. फक्त वाचणारा पाहिजे.

आपल्या सभांतून अल-ख्वारिझ्मी यांचे नाव नेहमी निघते. नवव्या शतकात बगदादला काम करणाऱ्या या गणितज्ञाच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. अभिमान जरूर बाळगा. पण नावाच्या अभिमानाने फेरा वेगात चालत नाही. त्यांचा वारसा सांगायचा तर गणिताच्या तासाला पहिल्या बाकावर बसावे लागेल.

पालकांना माझी विनंती आहे. तीन महिन्यांचा कोर्स, हाती प्रमाणपत्र आणि लगेच चार पैसे, ही घाई मी समजू शकतो. आपल्या पुष्कळ घरांत ती हौस नसून गरज आहे. पण बटणे दाबण्याचे शिक्षण बटणे बदलली की संपते. मुलगा असो वा मुलगी, घरात जुना संगणक असेल तर तो भंगारात देऊ नका. शिकायला तो उत्तम आहे. जेथे सामग्री थोडी तेथे डोके जास्त चालवावे लागते. आणि मूल काही दिवस नुसते मोजत बसलेले दिसले, काही कमावीत नाही असे वाटले, तर त्याला थोडे दिवस द्या.

1906 साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने या शहरात मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी संस्था आणि बोर्डिंग उभे राहिले. तेव्हा मुलांना हवे होते ते राहायला छप्पर आणि शिकायला अवधी. छप्पर आता बहुतेकांना आहे. अवधी देणे आपल्या हाती आहे.