पुस्तक मिटा, आठवून पाहा

परीक्षा जवळ आली की आपण तेच धडे पुन्हा पुन्हा वाचतो. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले. म्हणून धडा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि आठवेल ते लिहा. राहिलेले तपासा. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने पुन्हा आठवा. खात्याच्या परीक्षेचे नियम असोत की नव्या कामाची माहिती, नोकरदारांनाही हीच रीत उपयोगी पडते. लक्षात ठेवणे हे सरावाने येणारे कौशल्य आहे. आजच एका पानापासून सुरुवात करा.